शीरखुर्म्याची दुसरी वाटी

नजमा कोथरूडच्या एका कॉलेजात उंदरांना दुःखी करायची. पीएचडीचं कामच ते. पिंजरा तिरका ठेवायचा, खालचा भुसा ओला करायचा, रात्रभर दिवा जळत ठेवायचा. असे काही आठवडे गेले की प्रत्येकापुढे दोन बाटल्या लावायच्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. धडधाकट उंदीर गोडावर तुटून पडतो. ज्याचं मन विटलं, त्याला दोन्ही सारखंच. मग औषध द्यायचं, आणि तो पुन्हा गोडाकडे वळला की औषध लागू पडलं म्हणायचं. उंदराला विचारता येत नाही, त्याला बिचाऱ्या संशोधकांनी तरी काय करावं!

घरी, खडकीत, अब्बा होते. शमशुद्दीन, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. गोडाचे एवढे शौकीन, की चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवायचे. बायको गेली आणि त्यांचं सगळंच सुटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नजमाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, आणि ती रोज त्यांच्या ताटावर नजर ठेवू लागली.

ईदला अब्बांनी शीरखुर्म्याची वाटी संपवली. वर म्हणाले, "अजून दे थोडा." नजमाला आनंदाने काही सुचेना. मग खीर म्हणू नका, फिरनी म्हणू नका, पुढे येईल ते अब्बा खाऊ लागले. डॉक्टरांकडे जायचा दिवस आला तेव्हा म्हणाले, "आता कशाला?" तिलाही ते पटलं. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत. एवढी शिकलेली पोरगी, पण बापाच्या बाबतीत तिला वाटीपलीकडचं काही दिसलं नाही.

शेजारच्या रशीदाखालांनी एका संध्याकाळी तिला दारातच अडवलं.

"बेटी, बापाला एवढं गोड नको देत जाऊ. तुझी पाठ वळली की मोरीत जाऊन ओकतात. मी विचारलं तर म्हणाले, मी खाल्लं की पोरीचा चेहरा खुलतो."

नजमा चपलांसकट आत गेली. अब्बा खाटेवर बसले होते. या माणसाला तोंड होतं, भाषा होती, आणि ईदपासून तिने त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"अब्बा, कसं वाटतंय तुम्हाला? खरं सांगा."

ते हळूच म्हणाले, "सकाळी डोळे उघडतात ना, त्याचंच वाईट वाटतं, बेटा."

ती त्यांच्याजवळ बसली. डॉक्टरांना फोन लावायला गेली, तर रडू काही केल्या आवरेना. तिला रडताना बघताच अब्बा लगबगीने सरसावले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसले.

"वेडी कुठली! काही झालेलं नाही मला. बघ, चांगला ठणठणीत आहे."

ते हसू इतकं खरं वाटत होतं, की नजमाला त्याची भीती वाटली.