निळ्या गाडीचे दार

मी एक जुनी व्हॅन आहे, आणि माझ्या अंगातले निम्मे सामान माझे नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझे कौतुक करायला नको.

माझे नाव शलाका. तुम्ही ते ऐकले नसणारच. चाळीसेक वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. आमचे अंग पत्र्याचे नव्हते, फायबरचे होते. तीन वर्षांत आमच्यासारख्या काहीशे गाड्या निघाल्या आणि कारखान्याला कुलूप लागले. पेट्रोल पंपावरची माणसे अजूनही वाकून माझे नाव वाचतात आणि विचारतात, "हे कोणत्या कंपनीची हाय गा?" इतवारीतला एक हवालदार तर मला मॅटॅडोरचे पिल्लू म्हणायचा. मला राग यायचा, पण सांगते कोणाला?

नागपुरात आम्ही दोघीच आलो, एकाच ट्रकवरून. मी तपकिरी, ती निळी. मला इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराने घेतले आणि तिला उमरेड रोडवरच्या एका गावातल्या रामाजींनी. रामाजी पहाटे वांगी-गवार भरून कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात यायचे, म्हणून आमची अधूनमधून गाठ पडायची. माझ्या पाठीत पाण्याचे पितळी गुंड आणि पराती कोंबलेल्या असत, आणि हमाल मला लाथेने ढकलून सुरू करत. ती मात्र नेहमी धुतलेली, पुसलेली. खरे सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

पुढे दुकानदाराने नवा टेम्पो घेतला आणि मला गोदामामागे उभे केले. तिथे मी किती वर्षे होते ते मला आठवत नाही. मांजरीने माझ्यात दोनदा पिल्ले घातली एवढे आठवते. तिथून मला गिरिधरराव घेऊन गेले. ते शहराच्या टोकाला बेसा भागात राहतात, कचेरीतून निवृत्त झालेले आहेत, आणि ज्या गाडीला कोणी विचारत नाही ती त्यांना आवडते. त्यांनी मला शहराबाहेर वाडी उपनगरात नत्थूजी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेले. नत्थूजींनी मला आतून बाहेरून तपासले आणि डोके खाजवले.

"साहेब, हिचं सामान कुठीच भेटून नाही राहिलं. कारखानाच बंद, तं सामान येईन कुठून?"

त्याच महिन्यात रामाजींच्या पत्नी गोपिकाबाई गॅरेजमध्ये आल्या. रामाजी आदल्या वर्षी काविळीने गेले होते. तेव्हापासून निळी अंगणात उभी होती आणि आता सुरू होत नव्हती. शहरात अशाच गाडीचा कोणी शौकीन आहे हे ऐकून त्यांनी ती ट्रॅक्टरला बांधून आणली होती.

"भाऊ, हे चालू करून द्या," त्या गिरिधररावांना म्हणाल्या. "घाई नाही. पण हर्षाच्या बाबानं म्हणून ठेवलं हाय, पोरगी याच गाडीत बसून सासरी जाईन."

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका. गाडी माझी जबाबदारी," गिरिधरराव म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्या दिवशी तरी नव्हते.

नत्थूजींनी निळीला तपासले. बॅटरी गेली होती आणि पेट्रोलचा पंप बसला होता, बाकी सगळे ठणठणीत. दोन दिवसांचे काम. पण गिरिधररावांना मला लवकर चालवायचे होते, कारण हिवाळ्यात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होते. त्यांची नजर माझ्यावरून निळीवर गेली.

"नत्थूजी, तिचा कार्बोरेटर हिला लावून पाहू. तात्पुरता."

मित्रांनो, इथेच माझी चूक झाली. मी अडू शकले असते. इतवारीच्या गल्लीत मी काय कमी वेळा अडले होते? मागे हातगाड्यांची रांग लागली तरी हलायची नाही. पण तो कार्बोरेटर लागला आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. इतक्या वर्षांनी अंगात धडधड आली होती. समोर निळी बोनेट उघडून उभी होती आणि मला तिच्याकडे बघायलाही सवड नव्हती.

मग तात्पुरता डायनमो आला. तात्पुरते दिवे आले. स्टिअरिंग, सीटा, चाके, आणि शेवटी तिचा हॉर्नसुद्धा. दर वेळी गिरिधरराव म्हणत, "पुढच्या महिन्यात काही तरी जुगाड करू आणि तिचं तिला परत लावू." नत्थूजी एकदा म्हणाले, "साहेब, ते बाई विचारून राहिली होती." गिरिधररावांनी ऐकले नाही असे दाखवले. सहा वर्षे गेली. निळी मागच्या शेडमध्ये विटांवर बसली. मी प्रदर्शनात गेले आणि "सर्व भाग मूळचे" म्हणून मला बक्षिसाची ढाल मिळाली. लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण मी चकाकत उभी राहिले.

मग हर्षाच्या लग्नाची पत्रिका आली. गोपिकाबाईंनी ती स्वतः आणून दिली आणि एवढेच विचारले, "गाडी येईन न, भाऊ?"

"येईल," गिरिधरराव म्हणाले.

वीस दिवस हातात होते आणि निळीत काहीच उरले नव्हते. खरे सांगायला वीस मिनिटे पुरली असती. त्याऐवजी त्यांनी मला निळा रंग दिला आणि निळीची नंबरप्लेट काढून मला लावली. नत्थूजींनी रंगाला हात लावला नाही. गिरिधररावांनी तो स्वतः मारला.

लग्नाच्या दिवशी गावाच्या वेशीवर एक बकरी आडवी आली. गिरिधररावांनी दोनदा हॉर्न वाजवला. मांडवात मुंडावळ्या बांधून बसलेली हर्षा उभीच राहिली.

"आई, बाबाचा हॉर्न हाय वं."

पुढे मला कळले की रामाजी मार्केटहून परतताना याच जागी दोनदा हॉर्न वाजवत आणि लहानगी हर्षा धावत येई. ती आताही आली. तिने माझ्या बोनेटवर हात ठेवला आणि ती रडली. तो आवाज तिच्या बाबांचा होता, हे खरे. पण ज्या अंगातून तो निघत होता ते त्यांचे नव्हते, आणि हे त्या मांडवात फक्त मला आणि गिरिधररावांना माहीत होते.

पाठवणीच्या वेळी गोपिकाबाईंनी माझे सरकते दार उघडले. त्यांचा हात सवयीने दाराच्या आतल्या बाजूला गेला. तिथे काहीतरी शोधत खाली आला, वर गेला आणि थांबला. त्यांनी गिरिधररावांकडे पाहिले. मग मुलीला आत बसवले, दार लावले आणि म्हणाल्या, "हळू न्या, भाऊ."

चार दिवसांनी त्या वाडीला आल्या.

"ते आमची गाडी नाही होय. हर्षाच्या रेघा नाही त्यात. आमची कुठी हाय, ते दाखवा."

गिरिधररावांनी शेड उघडले. आत निळीचे रिकामे खोके होते. गोपिकाबाई पुढे झाल्या. त्यांनी तिचे दार ओढले, ते अडकले होते, नत्थूजींनी हात लावला तेव्हा सरकले. आतल्या बाजूला किल्लीने ओढलेल्या तेरा रेघा होत्या. दर दिवाळीला रामाजी लेकीला दाराशी उभे करून तिच्या उंचीची खूण करत. सगळ्यात वरची रेघ ते गेले त्याच्या आधीच्या दिवाळीची होती. सहा वर्षे आम्ही त्या गाडीला हात घालत होतो, आणि त्या रेघा एकानेही पाहिल्या नव्हत्या.

"वहिनी, मी सगळं तिचं तिला परत लावतो," गिरिधरराव म्हणाले.

"नको. एक तरी चालू द्या. मले हे दार द्या," गोपिकाबाई म्हणाल्या. "बाकी ठेवा तुमच्यापाशी. पण आता तात्पुरतं म्हणू नका."

गिरिधररावांनी ते दार स्वतः खोलले. माझ्या टपावर बांधून ते आम्हीच गावाला पोहोचवले. निळीची नंबरप्लेट दारासोबत दिली आणि प्रदर्शनाची ढाल परत केली. आता प्रदर्शनात माझ्यासमोर पाटी असते, आणि तिच्यावर लिहिलेले असते की ही गाडी रामाजींच्या गाडीच्या सामानावर चालते. माझा रंग मात्र निळाच ठेवला आहे. तो बघून मला रोज लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

मागच्या दिवाळीला आम्ही गावाला गेलो होतो. ते दार गोपिकाबाईंच्या ओसरीत भिंतीला टेकून उभे आहे. हर्षाने तिच्या वर्षाच्या बाळाला धरून दाराशी उभे केले आणि सगळ्यांत खाली एक नवी रेघ ओढली.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची वस्तू तात्पुरती आली असेल तर ती आजच नेऊन द्या. ती छान चालत असेल तर आधी द्या. माझ्याकडून परत जाण्यासारखे एक दारच उरले होते. आणि तेही उरले ते माझ्या चांगुलपणाने नाही. माझे स्वतःचे दार धड होते, एवढ्याच कारणाने उरले.