रक्षाविसर्जन किती वाजता?

“ते सगळं खरं असंल हो पावणं. पण रक्षाविसर्जन किती वाजता?”

आकाराम पोवारनं रिसीव्हर मान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबून धरला, पेनाला टोपण घातलं आणि समोर कॉम्प्युटरवर बसलेल्या अनुजाकडे बघून एक डोळा बारीक केला.

“त्ये काय… घरात इचारून सांगतो,” पलीकडून आवाज आला.

“इचारा की. आणि जे मेल्यात त्यास्नीबी एकडाव इचारा. त्यांची हरकत नसली म्हंजे झालं.”

फोन आपटला गेला. आकारामनं अर्धा लिहिलेला कागद चुरगाळून टोपलीत टाकला. “सोयऱ्या-सोयऱ्यांचं भांडण असणार. जित्या माणसाला मारायला निघालंय.”

“मामा, तुमाला कसं कळतंय हो?” अनुजानं विचारलं.

“मरणाबद्दल माणूस कायबी खोटं बोलतोय, पोरी. पर रक्षाविसर्जनाची येळ खोटी सांगवत न्हाई. सकाळी नऊ म्हणून छापलं, की चार माणसं टोप्या घालून खरंच येऊन हुभी ऱ्हात्यात. त्यांचं काय करणार?”

लक्ष्मीपुरीतल्या त्या सायंदैनिकात आकाराम सतरा वर्षं दोन कामं करत होता. दोन्ही इतर कुणाला नको होती म्हणून त्याच्याकडे आली होती. एक, पान दोनवरच्या निधनवार्ता. दुसरं, त्याच पानाच्या तळाला चौकटीत येणारा ‘चिमटा’, म्हणजे नटनट्या, पुढारी, क्रिकेटवाले यांच्या ताज्या बातमीवर चार ओळींचा बिननावाचा शेरा. वर मेलेले आणि खाली जिवंतपणी फाडलेले, असं ते पान होतं, आणि चहाच्या गाड्यांवर लोक पेपर तिथूनच वाचायला सुरुवात करायचे. ‘थकवा आल्याने सुप्रसिद्ध अभिनेते रुग्णालयात. आयकर खात्याचे अधिकारी भेटून गेले. आता त्यांनाही थकवा आला आहे.’ असलं काहीतरी तो लिहायचा आणि स्वतः कधी हसायचा नाही.

संशय हा त्याचा स्वभावच झाला होता. गणपती दूध पितो म्हणून सगळं ऑफिस देवळाकडे पळालं, त्या दिवशी हा एकटा खुर्चीत बसून राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला विचारत होता, “चमचा कुणी धरलाता?” अनुजाचं दीड वर्षाचं पोर सासूपाशी असायचं. बारा वाजता ती घरी फोन करायची, “झोपलाय” असं उत्तर ऐकून फोन ठेवायची. “झोपलाय तर मागं रडत कोण हुतं?” आकाराम मान वर न करता विचारायचा, आणि मग पानभर तिच्या चुका व्हायच्या. ती एकदा तोंड पाडून बसली तेव्हा मात्र तोच म्हणाला होता, “जा, बघून ये जा. पान मी धरतो.”

याला एक कारण होतं. सहा वर्षांपूर्वी त्यानं गणपतराव नावाच्या एका निवृत्त शिक्षकांना पान दोनवर मारलं होतं. फोन आला, लिहून घेतलं, छापलं. दुसऱ्या दिवशी गणपतराव जिना चढून आले, पेपर त्याच्यापुढं ठेवला आणि चष्मा पुसत म्हणाले, “माझ्या पश्चात कोण कोण हाय, जरा मोठ्यानं वाचा. दोन नातू जास्तीचे दिसत्यात.” त्या दिवसापासून रक्षाविसर्जनाची वेळ सांगितल्याशिवाय कोल्हापुरातलं कुणी आकारामच्या लेखी मरत नव्हतं.

आणि मंजिरीबाई तर आधीपासूनच मरायच्या तयारीत होत्या.

सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू झालेली ती बाई दोन-तीन महिन्यांतून एकदा ऑफिसात यायची. जिन्यात तीनदा थांबायची, आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवल्याशिवाय बोलायला लागायची नाही. कोल्हापुरातले स्टुडिओ गजबजलेले होते त्या काळात तिनं साठ-पासष्ट चित्रपटांत कामं केली होती. पाणवठ्यावरची बाई, शेजारीण, वरातीतली सातवी, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी मयतीत रडणारी.

“रडायचं काम असलं की मलाच बोलवायचं,” ती सांगायची. “मेलेलं माणूस तिकडं बिडी वडत बसायचं, आणि मी हिकडं ऊर बडवत.”

“मग आता काय पायजे, बाई?”

“माझं लिवून ठेव, लेका. मागनं घाई हुतीया. पडद्यावर कवा नाव आलं न्हाई माझं. पेपरात तरी येऊ दे. कुमारी मंजिरी म्हणून.”

तिनं आपला विशीतला फोटो दिला होता. मागं पेन्सिलीनं पत्ता. आकारामनं तो खणात ठेवला आणि शब्द दिला, दोन कॉलम, फोटोसकट. तिच्या लुगड्याआड गळ्यात काहीतरी गोल असायचं, मानेवर चांदीची साखळी तेवढी दिसायची. तंबाखूची डबी, असा त्याचा संशय होता. तिच्या हाताला तंबाखूचा वास कधी आला नाही, तरी होता.

शब्दाची खात्री करून घ्यायला बाईनं एकदा स्वतःच फोन केला. नवरात्रात. आवाज बदलून, नाकातून. “जुन्या नटी कुमारी मंजिरी वारल्या.” आकारामनं सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, “रक्षाविसर्जन किती वाजता?”

“ते न्हाई.”

“न्हाई म्हंजे? मडं काय हवेत इरलं?”

पलीकडे खळखळून हसू. “आकाराम, लेका, मीच की. बघत हुतो, छापतोयस का न्हाई.” दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन हजर. पुढं संक्रांतीनंतर पुन्हा तेच. या वेळी म्हाताऱ्या गड्याचा घोगरा आवाज, पण विसर्जनाला उत्तर तेच, “ते न्हाई.” पुन्हा हसू, पुन्हा लाडू. इतकी वर्षं कॅमेऱ्यापुढं काढलेल्या बाईलाही एवढी एक वेळ खोटी सांगता येऊ नये, याचं आकारामला मनातून समाधान वाटलं होतं. त्याचा प्रश्न कधी चुकत नव्हता.

उन्हाळ्यातल्या त्या दिवशी मुंबईहून फॅक्स आला. एका मोठ्या अभिनेत्रीचा पामेरियन कुत्रा वारला होता. हार घातलेला फोटो, दोन दिवस चित्रीकरण रद्द, सहकलाकारांची रीघ. मालक-संपादक अमरसिंह केबिनमधून स्वतः कागद घेऊन आले. “पोवार, हे चार कॉलम.”

“साहेब, कुत्रं मेलंय ह्याची खात्री हाय?”

“मुंबईचा फॅक्स हाय.”

“हिचा शिनेमा शुक्रवारी लागणार हाय. मला न्हाई वाटत त्ये मेलंय.”

“तुमाला कोणच मेल्यालं वाटत न्हाई,” साहेब म्हणाले आणि कागद अनुजाकडे देऊन निघून गेले.

आकारामनं मग चिमटा लिहायला घेतला. ‘दिवंगत श्वानाच्या पश्चात एक अभिनेत्री, दोन निर्माते व पाच अपुरे चित्रपट असा परिवार आहे. रक्षाविसर्जनाची वेळ समजू शकली नाही.’ अनुजा टाईप करता करता इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. छपाईला पान जायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात फोन वाजला.

“पेपरचं ऑफिस का?” बाईमाणसाचा दमलेला आवाज, निपाणीकडचा हेल असलेला. “ते मंजिरीबाई, सिनेमातल्या… त्या गेल्या बघा. आज पाटं.”

आकारामच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यानं अनुजाला खुणेनं जवळ बोलावलं आणि रिसीव्हर तिलाही ऐकू येईल असा धरला.

“आज आवाज झ्याक काढलायसा.”

“आं?”

“असू दे. रक्षाविसर्जन किती वाजता?”

“रक्षाविसर्जन न्हाई. त्ये आमच्…”

“न्हाईच असणार. बाई, आज जागा न्हाई बघा. आज कुत्रं मेलंय. तुमी उद्या मरा.”

अनुजानं तोंडावर ओढणी दाबली. पलीकडे हसू आलं नाही. फोन कुणीतरी नुसता धरून उभं होतं, मागून रिक्षाचा भोंगा ऐकू आला. मग रिसीव्हर ठेवला गेला. आपटला नाही, हळूच ठेवला.

तो हळूपणा आकारामच्या कानात राहिला. पण पान जायचं होतं, ते गेलं. कुत्रं गाजलं, चिमटा त्याहून गाजला.

दुसऱ्या दिवशी तो जिन्याकडं कान देऊन होता. कुणी तीनदा थांबत वर आलं नाही.

“बाईंचे लाडू आले न्हाईत व्हय?” अनुजानं विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खणातला फोटो काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मागचा पत्ता विचारत गंगावेशीजवळच्या एका बोळात शिरला.

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर चार-पाच चपला. आत भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर, तिच्याखाली समई, आणि कपाळाला भस्माचे आडवे पट्टे ओढलेली एक म्हातारी. चेहरा मंजिरीबाईंचाच, फक्त जास्त थकलेला. सिनेमाचा एकही फोटो त्या खोलीत नव्हता. आकारामला उंबऱ्यातच सगळं कळलं. शहरातली निम्मी बाजारपेठ लिंगायतांची, त्यांच्यात दहन नसतं, पुरतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. मंजिरी नाव असलेल्या बाईबद्दल ते विचारावं, एवढंच सुचलं नव्हतं.

“कोण पावणं?”

“पेपरातनं आलोय.”

“या, बसा.” म्हातारीनं घोंगडं पुढं सारलं. ती धाकटी बहीण, गिरिजव्वा. “परवा मीच फोन केलो की, कोपऱ्यावरनं. आक्का नंबर लिहून ठेवलीती. म्हणायची, त्या पेपरात आकाराम म्हणून एक हाय, चांगला माणूस हाय, त्येलाच सांग, तो छापतोय. पर फोनवर त्ये न्हवतं. दुसरंच कोण तर होतं. उद्या मरा म्हणालं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चुकीच्या एस. टी.त बसलो होतो, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

“रक्षा इचारलं. आमच्यात कुठली रक्षा? आमच्यात माती. बसवून देत्यात. आक्काचं गुडघं धा वर्सं वळत न्हवतं, पर बसवताना मातर नीट बसली. लिंग हातात दिलो.”

आकारामचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. “त्यांच्या गळ्यात ती डबी…”

“लिंगाचीच की. शूटिंगमधी दिसायला नको म्हणायचे, तवापासनं पदराआड दडवायची सवय लागली. रत्नव्वा नाव बी नको म्हणाले. मंजिरी ठेवले.” ती जराशी हसली. “घरात कोण मंजिरी म्हणून हाक मारलं तर वळूनच बघत न्हवती.”

फोटो काढून द्यावा म्हणून त्यानं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

निघताना गिरिजव्वानं आतून एक डबा आणला. झाकणाला दोरी बांधलेला, ओळखीचा.

“त्ये आकाराम भेटत्यात का तुमाला तिथं?”

“भेटतोय की.”

“मग हे तेवढं द्या त्यांस्नी. आक्का आदल्या दिवशी केलीती. सांगा, मरायच्या आदी आठवण काढली म्हणून.”

“सांगतो,” आकाराम म्हणाला.

तो ऑफिसात पोहोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अमरसिंह नवा फॅक्स हातात धरून दारातच उभे. “पोवार, कुत्रं जिवंत हाय. मेलं त्ये शेजारणीचं. तुमचा संशय खरा निघाला. चार कॉलम, आणि आज चिमटा झणझणीत येऊ द्या.”

“आज चिमटा न्हाई, साहेब. ती चौकट मला मोकळी द्या.”

“कुणासाठी?”

“एक बाई वारल्यात. शिनेमातल्या.”

“कुठल्या शिनेमातल्या?”

“सगळ्याच,” आकाराम म्हणाला. “मागं हुभ्या असायच्या.”

साहेबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या डब्याकडं बघितलं, आणि “घ्या” म्हणून ते केबिनमध्ये गेले.

त्यानं खिशातला फोटो अनुजापुढं ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. वर मोठ्या अक्षरात कुमारी मंजिरी. खाली रत्नव्वा रुद्राप्पा हेब्बाळे. वय बहात्तर. साठ-पासष्ट चित्रपटांत काम. पश्चात बहीण. अनुजाची बोटं चालली होती. फोन आला तेव्हा कोण हसलं होतं, हे तिला आठवत होतं, आणि ती मान वर करत नव्हती. प्रत्येक निधनवार्तेच्या तळाला येणारी ओळ तिच्याकडे तयारच असायची. ती आपोआप पडद्यावर आली, मधली जागा रिकामी.

“मामा, रक्षाविसर्जन किती वाजता?”

“न्हाई.”

तिची बोटं थांबली. दोन वर्षं त्याच्याच हाताखाली शिकलेली पोर ती. ती हळू आवाजात म्हणाली, “खरी हाय न्हवं बातमी? एकडाव फोन करून बघू का?”

“खरी हाय.”

तिनं ती तयार ओळ एकेक अक्षर करत मागून पुसली. आकारामनं डब्याची दोरी सोडली, एक लाडू तिच्यापुढं ठेवला, एक स्वतः घेतला. पान छपाईला जाईपर्यंत तो तसाच त्याच्या मुठीत होता.