हलत राहा

नवी इमारत झाली आणि शिट्टीबाईंच्या विद्येचं वाटोळं झालं.

शिट्टीबाई म्हणजे शाळेतल्या पीटीच्या बाई. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. मुलांकडून ते शिक्षकांच्या खोलीत गेलं आणि थोरल्या जाऊबाईंनी घरी नेलं. थोरली जाऊ त्याच शाळेची मुख्याध्यापिका. घरी ताई, शाळेत मॅडम.

इतकी वर्षं शिट्टीबाईंनी मुलांना एकच गोष्ट जीव तोडून शिकवली होती. सावधान म्हटलं की पुतळा व्हायचं. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. आणि आता सरकारने अशी इमारत बांधून दिली, जिथे मूल शहाण्यासारखं गप्प बसलं की दिवे जायचे!

पर्यावरणपूरक शाळांसाठीची सरकारी योजना होती ती. इमारत सरकार बांधणार, शाळेने वीज वाचवून दाखवायची. जितकी जास्त वाचेल तितके तारे जास्त. छतावर सौर पट्ट्या, जाड भिंती, पावसाचं पाणी साठवायला भलीमोठी टाकी. यातल्या कशाबद्दलही शिट्टीबाईंचं भांडण नव्हतं. टाकीच्या पाण्यावर मैदानाच्या कडेची झाडं तगली, हे त्या स्वतः कौतुकाने सांगायच्या. त्यांचं डोकं फिरायचं ते डोळ्यामुळे.

प्रत्येक खोलीच्या छताला एक पांढरा, गोल, वाटीएवढा डोळा होता. खाली कोणी हललं की त्याला दिसायचं आणि तो दिवे लावायचा. सगळे स्थिर झाले की थोडा वेळ वाट बघून बंद करायचा. भिंतीवर बटणंच नव्हती. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लहान, आणि त्यांवर जाड पडदे कायम खाली. परीक्षेला मुलं माना खाली घालून लिहायला लागली की वर्गात संध्याकाळ व्हायची. मग गणिताचे सर खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून हलवायचे.

“सर, विमान उतरवताय का?” मागच्या बाकावरून आवाज यायचा.

हे चेष्टेवारी नेता येत होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं मात्र हसू येत नव्हतं. तिथला डोळा बसवला होता बेसिनच्या वर. आत दार लावून बसलेली मुलगी त्याला दिसायची नाही. खिडकी तर नव्हतीच, गारवा बाहेर जातो म्हणे. म्हणजे मुलगी आत, आणि मिट्ट काळोख. शेवटी मुलींनीच उपाय काढला. एकीने आत जायचं, दुसरीने बेसिनपाशी उभं राहून नाचायचं. त्याला त्या ‘नाचाची ड्युटी’ म्हणायच्या. पाहुणे आले की त्यांना हे फार गोड वाटायचं. शिट्टीबाईंना वाटायचं, एका पोरीला लघवी करायची तर दुसरीने नाचायचं, आणि आपण तारे मोजतोय. थू!

योजनेचे अधिकारी अधूनमधून यायचे. त्यांना सगळे तारेवाले साहेब म्हणायचे. शिट्टीबाईंनी त्यांना मधल्या जिन्यात गाठलं होतं.

“साहेब, त्या डोळ्याची वेळ वाढवा. नाहीतर साधं बटण द्या.”

“वेळ इथून बदलत नाही हो. वरून ठरते.”

“वरून म्हणजे? छतावरून?”

साहेब हसले. “अहो, तुम्ही पीटीच्या ना? मुलांनी हालचाल केली तर तुम्हाला आनंदच व्हायला हवा.” आणि जिना उतरून गेले.

मग चिमणी पडली.

चिमणी पाचवीतली, वर्गातली सगळ्यात लहानखुरी, म्हणून चिमणी. तिची मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती, तर ती एकटीच स्वच्छतागृहात गेली. किंचाळी ऐकून सगळ्यात आधी शिट्टीबाई पोचल्या. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि दिवे लागले. बेसिनखाली, डोळ्याच्या आडोशाला पोर पडलेली, कोपर भलत्याच बाजूला वळलेलं. दार चाचपडत बाहेर येताना उंबऱ्याला अडखळली होती. फरशी खडखडीत कोरडी होती.

“बाई,” ती हुंदके देत म्हणाली, “मी आतून किती हात हलवले.”

शिट्टीबाईंच्या मनातून ते वाक्य गेलं नाही. पोर प्लॅस्टर घालून शाळेत परत आली, तरी नाही.

त्याच आठवड्यात घरी मटार सोलता सोलता थोरल्या जाऊबाईंनी विषय काढला. “पाचवा तारा मिळतोय आपल्याला. शुक्रवारी समारंभ. साहेब मुलीच्या पडण्याबद्दल विचारणार. फरशी ओली होती, एवढंच सांगायचं.”

“ओली नव्हती, ताई.”

“मावशीने पुसली होती, ती ओली राहिली. झालं.”

मावशी म्हणजे शाळा झाडणारी, घंटा देणारी, पोरींच्या सुटलेल्या वेण्या घालून देणारी बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर.

“तिला समज देणार?”

ताईंनी शेंगेतून दाणे काढले, ताटात टाकले. “कामावरून काढावं लागेल. दिव्यामुळे पडली असं झालं तर तारा जातो. तारा गेला तर आणखी एक मजला बांधायला मिळणारी मदत जाते. चारशे पोरांचा मजला मोठा की एक मावशी?”

“मग तारा नाकाला लावून फिरा.”

“जिभेला हाड नाही तुझ्या. नोकरी कोणी लावली, ते विसरलीस?”

“रोज आठवण करून देता की. विसरू कशी?” शिट्टीबाईंनी ताट पुढे ढकललं. दोनचार दाणे जमिनीवर उडाले, ते कोणीच उचलले नाहीत.

शुक्रवारी सभागृह भरलं. व्यासपीठावर तारेवाले साहेब, मॅडम आणि मध्ये कापडाने झाकलेली ताऱ्यांची पाटी. खाली रांगांनी उभी मुलं, खिडक्यांवर नेहमीचे जाड पडदे. छतातला डोळा मुलांच्या रांगांवर रोखलेला, व्यासपीठ त्याच्या नजरेबाहेर. म्हणून मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, “मुलांना जरा डोलत ठेवा. गाणं घ्या, टाळ्या घ्या, काहीही. हलत राहिली पाहिजेत.”

मावशी मागच्या, लावून घेतलेल्या दाराशी उभी होती. सोमवारपासून येऊ नकोस, असं तिला सांगून झालं होतं. तरी आज सगळ्या खुर्च्या तिनेच पुसल्या होत्या.

शिट्टीबाई पहिल्या रांगेच्या टोकाला, चिमणीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. खाली वाकून म्हणाल्या, “चिमणे, आता थोडा वेळ अंधार होईल. मी करणार आहे, म्हणून होईल. भीती वाटली तर माझा हात घट्ट धर. चालेल?”

चिमणीने प्लॅस्टर नसलेला हात त्यांच्या हातात दिला. “पण परत लावाल ना?”

“लावीन.”

मॅडम माइकपाशी आल्या. “आपल्या शाळेत दुर्दैवाने एक अपघात झाला. ओल्या फरशीमुळे. संबंधित कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल योग्य ती कारवाई...”

शिट्टी वाजली. अशी वाजली की साहेबांच्या हातातला पेला हिंदकळला.

“शाळाऽऽ... सावधान!”

चारशे पोरांच्या टाचा एकदम जुळल्या. वर्षानुवर्षांची घोटलेली सवय होती, ती कुठे जाते? नव्या इमारतीच्या छताखाली मुलांना हा शब्द आजवर ऐकूच आला नव्हता. छाती पुढे, नजर समोर, श्वाससुद्धा बेताचा. मॅडम माइकमधून काहीतरी बोलत होत्या, मुलं हलली नाहीत. डोळ्याने वाट पाहिली, आणि दिवे गेले.

“अरे! लाइट गेली की काय?” साहेबांचा आवाज.

“गेली नाही, साहेब,” शिट्टीबाई अंधारातून म्हणाल्या. “वाचतेय.”

कुठेतरी एक मुलगा फुस्सकन हसला, पण जागचा हलला नाही.

“कोणीतरी हला रे! मुलांनो, हात हलवा!”

कोणी हललं नाही. साहेब खुर्ची सरकवून उठले, आणि तिथेच थांबले. व्यासपीठाला पायऱ्या होत्या, कुठे संपतात ते दिसत नव्हतं.

“सावकाश, साहेब,” शिट्टीबाई म्हणाल्या. “अंधारात पाय टाकला की माणूस पडतं. फरशी कोरडी असली तरी पडतं. आमची एक पोर पडली. आतून हात हलवत होती बिचारी, तुमच्या डोळ्याला दिसली नाही. सगळ्यांच्या आधी मी पोचले होते. फरशी कोरडी होती. मावशीचा काही दोष नाही.”

“शिट्टीबाई, पुरे!” मॅडमचा आवाज. “मुलांना विश्राम द्या. लगेच.”

“देते. फरशी कशी होती, तेवढं सांगा.”

“हा काय तमाशा लावलाय?”

“तमाशा रोज चालतो मॅडम, बेसिनपाशी. पोरी नाचतात. फरशी कशी होती?”

काळोखात चारशे मुलं पुतळ्यासारखी उभी होती. चिमणीची बोटं शिट्टीबाईंच्या हातात रुतली होती, घामाने ओली झाली होती. पोरीला अजून किती ताणायचं? शिट्टीबाईंचा शब्द ओठांवर आला. आता म्हणावंच लागणार. विश्राम म्हटलं की दिवे लागतील, टाळ्या होतील, पाटी उघडेल, आणि मावशी सोमवारी घरी.

“मॅडम,” साहेब कावऱ्याबावऱ्या आवाजात म्हणाले, “अहो, काय ते सांगून टाका ना. मला पायरी दिसत नाही.”

माइकमधून एक श्वास ऐकू आला.

“अगं, कोरडी होती,” थोरली जाऊ म्हणाली. मॅडमचा आवाज नव्हता तो, स्वयंपाकघरातला होता. “कोरडी होती. झालं समाधान?”

“आणि मावशी?”

“येईल सोमवारी. आता तरी म्हण.”

“बाई,” चिमणी कुजबुजली, “लावा ना.”

“शाळा... विश्राम.”

पाय हलले. सगळे दिवे एकदम लागले. साहेब पहिल्या पायरीच्या काठावर, एक पाय हवेत धरून उभे होते. ताऱ्यांच्या पाटीकडे कोणी बघत नव्हतं. मुलांच्या माना मागे वळल्या होत्या, दाराशी, जिथे मावशी पदर तोंडाला लावून उभी होती.

मॅडमनी माइक बंद केला आणि शिट्टीबाईंकडे पाहिलं. घरी गेल्यावर काय होणार, ते त्या नजरेत सगळं होतं.

शिट्टीबाईंनी चिमणीचा हात सोडला, शिट्टी गळ्यात नीट केली आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, “साहेब, ते बटण कधी बसवताय? तोवर मी रोज एकदा सावधान घेणार आहे.”