दोन खाचांची कॅप

आपल्या धाकट्या बहिणीच्या, माती उचलायच्या छोट्या लोडरचं बंद पडलेलं इंजिन मिस्त्रीने भंगारातल्या दोन इंजिनांचे भाग काढून पुन्हा उभं केलं. "डोळे मिटून चालव," असं त्याने छाती फुगवून सांगितलं आणि ती लोडर घेऊन उतारावरच्या कामाला गेली.

मग टेबल आवरताना पिस्टनला जोडायचा एक उरलेला कनेक्टिंग रॉड त्याच्या हाताला लागला. रॉड आणि त्याच्या टोकाला बोल्टने आवळायची कॅप म्हणजे जन्माची जोडी. एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. म्हणून खोलण्याआधी तो कानशीने खुणा करायचा, एका जोडीला एक खाच, दुसरीला दोन. हातातल्या रॉडवर एकच खाच होती. टेबलावर उरलेल्या कॅपवर दोन होत्या.

म्हणजे बहिणीच्या इंजिनात विजोड जोडी फिरत होती. जोर पडला की रॉड तुटणार आणि इंजिन फोडून बाहेर येणार. इंजिन होतं नेमकं तिच्या सीटखाली.

ती फोन उचलेना. त्या धडधडीत तिला ऐकू येणार तरी कसं? रॉड मुठीत धरून तो अनवाणीच पळत सुटला. लांबून इंजिनाचा आवाज येत होता, तोवर त्याच्या जिवात जीव होता. वळणावर आवाज एकदम थांबला, आणि तो आणखी जोरात धावला.

कसाबसा तो पोहोचला. ती लोडरशेजारी धडधाकट उभी होती.

"आतून काहीतरी टकटकत होतं, दादा. बंद केलं मी."

त्याने मुठीतला रॉड तिच्यापुढे धरला.

"डोळे मिटून चालव म्हणालास," ती म्हणाली, "कान बंद कर असं नाही म्हणालास."