जीवरामनानांचा उघडा कोपरा

रावेरजवळच्या एका गावात केळीचे बागाईतदार जीवरामनाना नवं घर बांधत होते आणि ते पुरं होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होते. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटत होतं ते फक्त अभिमनला.

अभिमन धुळ्याचा, मुंबईला वास्तुकला शिकणारा. त्याच्या शाळेचा नियम असा, की शेवटच्या परीक्षेआधी मुलानं वर्गाबाहेर पडावं, एक खरं घर पायापासून छपरापर्यंत उभं राहताना पाहावं, आणि ‘काम पुरे झाले’ अशा छापील कागदावर घरमालकाची सही किंवा अंगठा आणावा. कागद दहा जूनला पोचला नाही तर वर्ष बुडालं. नाना त्याच्या मामाचे व्याही. चार महिन्यांत घर उभं राहील म्हणून दिवाळीनंतर तो ट्रंक घेऊन आला. आता मे संपत आला होता.

चूक त्याचीच. फेब्रुवारीत मोठ्या उत्साहानं तो म्हणाला होता, “नाना, आठ दिवसांत घर पुरं!”

नानांचा चेहरा उतरला. “असं बोलू नको बाप्पा. माह्या बापानं घर पुरं केलं, पंधरवड्यात गेला. काकानं शेवटचं दार बसवलं, त्याच दारातून त्याले बाहेर काढला.”

त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या छपराचा एक कोपरा कौलांवाचून राहिला. काम अपुरं, म्हणजे नाना सुरक्षित. कोपऱ्याच्या बरोबर खाली चूल होती आणि चुलीपुढे नानांची बायको धुरपदाबाई. नानांचं आयुष्य वाढत होतं आणि तिच्या डोक्यावर खानदेशातलं ऊन.

अभिमनला वाटलं, आणखी काही बांधून दिलं तर नाना खूश होतील आणि सही देतील. त्यानं पडवीचा नकाशा काढला. नाना खूश झाले, पडवी बांधली, सही दिली नाही. मग धान्याची कोठी, मग गोठा. स्वतःला कोंडणाऱ्या पिंजऱ्याची एकेक सळई पोरानं स्वतः मोजमापासकट काढून दिली. वर प्रत्येक नकाशा आधीच्यापेक्षा सरस आला म्हणून तो मनातून फुगतही होता.

“साहेब,” झिपरू गवंडी म्हणायचा, “परीक्षा अठीच देऊन टाका. मी पास करतो तुमाले.”

तारखेला दहा दिवस उरले तेव्हा अभिमनला एक युक्ती सुचली. घराची जागा धुरपदाबाईच्या बापानं दिलेली, कागदोपत्री तिच्याच नावावर. तो नानांना म्हणाला, “मालकीण तर काकू आहेत. अंगठा त्यांचा चालेल.”

नानांचा चेहरा उजळला. “अरे, हे तं डोक्यातच नई आलं!”

चुलीपुढून आवाज आला. “म्हंजे मरायचं मीनं.”

अभिमन कागदाची घडी करायला लागला. आपण काय बोलून बसलो ते त्याला आता कळलं.

“घडी कायले करतो?” धुरपदाबाई म्हणाली. “पुरं झालं असं लिहिलंय ना? मंग हा कोपरा झाकावा लागीन का नई?”

“लागेल. नाहीतर कागद खोटा.”

“आन मंग. रोज थोडी थोडी भाजते, त्यापेक्षा एकदाच काय व्हायचं ते होऊ दे.”

तव्याच्या बुडाला अंगठा घासून तिनं कागदावर उठवलासुद्धा. नाना “अवं, थांब जरा!” म्हणत कागद ओढून घेईपर्यंत उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत झिपरूनं कोपरा शाकारला.

आणि नाना घाबरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते चुलीजवळ जाऊन बसले. “खोकली काय? पानी देऊ का?” भाकरी थापणारा हात थांबला की त्यांचा श्वास थांबायचा. अभिमननं कागद मागितला तेव्हा त्यांनी तो लाकडी कपाटात ठेवून दार लावून घेतलं.

“चाळीस दिस थांब. हिले काही झालं नई तं खुशाल घेऊन जाय.”

“नाना, माझं वर्ष जाईल!”

“आन हिचं आयुष्य? वर्ष पुन्हा येतं बाप्पा.”



दुसऱ्या दिवशी दुपारी, पहाऱ्यानं दमलेले नाना पडवीत घोरत असताना, धुरपदाबाईनं अभिमनची ट्रंक मागच्या दाराशी आणून ठेवली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या आणि वर कपाटातला कागद.

“नाना विचारतील,” अभिमन म्हणाला.

“विचारू दे. उत्तर द्यायले मी जिती आहे ना! सावलीत बसून पहिल्यांदा रांधलं आज, लवकर मरत नई मी. जाय, गाडी निघून जाईन. ते उठले तं तुह्याकून न्हानीचा नकाशा काढून घेतीन. सकाळधरनं तेच घोकू राह्यले.”

अभिमननं ट्रंक उचलली. दोन पावलं टाकली. थांबला. मागे वळून त्यानं घराकडे एकदा डोळे बारीक करून पाहिलं.

“न्हाणी?” तो म्हणाला. “कुठल्या बाजूला म्हणतात?”

धुरपदाबाईनं दार लावलं आणि आतून कडी घातली.