चार मिनिटांचा फरक

कळमनुरी तालुक्यातल्या त्या वीज उपकेंद्रात भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागं होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. डोंगराकडच्या लाइनवर मोबाइलला रेंज नाही. म्हणून ऑपरेटर अमरसिंग आणि लाइनमन सुदाम वेळ ठरवून घेत. सुदाम निघताना मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेई. ठरल्या वेळेआधी तो खांबावरून खाली उतरे, वेळ झाली की अमरसिंग कामासाठी बंद ठेवलेली लाइन चालू करी. नियमात हे बसत नव्हतं. पण दोघं एकाच तांड्यातले, बारा वर्षं निभावलं.

मग छतावर भूछत्राएवढा अँटेना बसला. पॅनलमध्ये उपग्रहांकडून वेळ घेणारं घड्याळ आलं. बिघाड कुठल्या उपकेंद्रात आधी झाला, हे सेकंदाच्या तुकड्यापर्यंत कळावं म्हणून. त्या लाल आकड्यांवर अमरसिंग असा काही भाळला की भिंतीकडं बघणंच त्यानं सोडलं. सुदामला तेवढं सांगायचं राहून गेलं.

दोनच दिवसांनी काम निघालं. साडेचारचं ठरलं. सुदाम सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळवून निघाला. लाल आकडे साडेचारवर आले आणि अमरसिंगनं बटण दाबलं. सुदामच्या मनगटावर तेव्हा चार सव्वीस झाले होते. तो खांबावरच होता. तिथंच गेला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी पॅनलमधली नोंद काढली. सोळा तीस, शून्य सेकंद. ऑपरेटर बराबर, लाइनमनला उशीर झाला, असं लिहून ते मोकळे झाले. अमरसिंगनं मान खाली घालून सही केली. भेकडपणाच होता तो, दुसरं काय म्हणायचं?

असा महिना गेला. शेवटी तो सुदामच्या ओट्यावर जाऊन बसला आणि सुदामच्या बायकोला, जिवनबाईला सगळं सांगून टाकलं.

"वहिनी, सुदाम टायमावरच होता. चूक माझी हाय. उद्या सायबाला बी लिहून देतो."



"महिना झाला, मी त्यायलाच बोल लावून राहिले," जिवनबाई म्हणाली. "जरा लवकर उतरायला काय झालं होतं म्हणून. लेकरू बी तेच ऐकून राहिलं."

तिनं आत हाक मारली. आठ वर्षांची दिपा बाहेर आली.

"तिला सांगा, भाऊजी. तुमच्या तोंडानं सांगा."

काका आला म्हणून दिपा नेहमीसारखी त्याच्या मांडीला खेटून बसली.