यंत्रानं न टिपलेलं

“बोटं सैल सोडा की, आप्पा. लूमवर नाही उभे तुम्ही.” गायत्रीनं भिकनच्या दोन बोटांना पट्ट्या बांधल्या आणि वायर कॉम्प्युटरला जोडली.

नाच पाहताना माणसाच्या मनात काय होतं, ते मोजायचं काम सुरतच्या त्या कॉलेजात चाललं होतं. मन हललं की बोटांना बारीक घाम येतो आणि यंत्र तो टिपतं, असं गायत्रीनं सांगितलेलं. ती तिथं मानसशास्त्र शिकत होती. एक प्रेक्षक कमी पडला, म्हणून तिनं बापाला उधन्याच्या कापड कारखान्यातून बोलावलं. एरवी दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं भाजीतल्या मिठापुरतंच. आईच्या दहाव्याला तिनं चारचौघांत सुनावलं होतं, “डोळ्यांतून टिपूससुद्धा काढलं नाहीत तुम्ही!” खरंच नव्हतं काढलं. चौथ्या दिवशीच गडी कारखान्यात हजर. पण ते बोलणं त्याला आजही कुरतडत होतं. निदान यंत्र तरी आपल्या बाजूनं बोलेल, अशी वेडी आशा धरून तो आला होता.

नाच सुरू झाला. ना घुंगरू, ना गाणं. हा कसला नाच बुवा! एक बाई सारखी कोसळायची, एक माणूस तिला काखेत हात घालून उचलायचा, ती पुन्हा घसरायची. भिकनचा श्वासच अडकला. शेवटच्या महिन्यात गायत्री कॉलेजात गेली की तो बायकोला, सुंदराला, असाच मोरीवर न्यायचा. “पोरले सांगू नका,” ती म्हणायची. त्यानंही सांगितलं नाही. आता तिचं वजन पुन्हा हातांवर आलं. डोळे मात्र कोरडेच; मेल्यांना रडायची सवयच नाही.

दिवे लागले. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट होती.

“वाटलंच मला,” गायत्री म्हणाली.

“काय म्हनस मशीन?”

“तुम्हाला काहीच वाटलं नाही म्हणतंय.”

तेवढ्यात प्रयोग चालवणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी भिकनची बोटं उलटी करून पाहिली. “कितने साल से धागा जोडते हो, चाचा?”

“तीस.”

“चमडी पत्थर हो गई है. सेन्सर पकडेगा ही नहीं. गायत्री, इनका नाम निकाल दो.”

गायत्रीनं यादी पुढे ओढली. भिकन खाली बघत म्हणाला, “तुनी माय याद उनी, गायतरी. मी तिले रोज असाच उचलू. तुले सांगू नका म्हने ती.”

“गायत्री, नेक्स्ट!” मॅडम ओरडल्या.

गायत्रीनं बापाचं नाव खोडलं. पुढचं नाव न पुकारता तिनं बापाची ती पत्थर झालेली बोटं हातात धरली.